शाल, श्रीफळ आणि एसटीचं तिकीट

माझी पहिली कादंबरी येऊन दीड वर्ष झालं. या दीड वर्षात तिच्या निमित्तानं मी एकवीस गावांना जाऊन आले. त्यात अकरा शाली मिळाल्या, एकोणीस नारळ मिळाले, विठ्ठल-रखुमाईची एक पितळी मूर्ती मिळाली आणि तीन साड्या मिळाल्या, त्यातल्या दोन एकाच रंगाच्या. प्रवासखर्च मिळाला सात ठिकाणी. मानधन दोन ठिकाणी. ही यादी मी तक्रार म्हणून देत नाहीये, असं लिहायचं मनात आलं होतं. पण मग वाटलं, का नाही? तक्रारच आहे. आणि ती आपल्याच मासिकात, आपल्याच बायांसमोर नाही मांडायची तर कुठे मांडायची?

एकवीस गावांत एक प्रश्न मात्र एकवीस वेळा आला. कधी सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंकडून, कधी मागच्या रांगेतल्या निवृत्त गुरुजींकडून, दोनदा तर आभार मानणाऱ्यांनी आभारातच घातला. "नोकरी, घर, मुलगी, एवढा प्रवास, हे सगळं सांभाळून मॅडम लिहितात कशा?" विचारणाऱ्याच्या आवाजात कौतुक असतं, म्हणून चिडताही येत नाही. सुरुवातीला मी हसून "जमवायचं" असं म्हणत असे. लोक टाळ्या वाजवत. सहाव्या-सातव्या गावी माझ्या लक्षात आलं की त्या टाळ्या माझ्या लिहिण्याला नाहीत, जमवण्याला आहेत. कादंबरीत मी काय म्हटलं आहे याबद्दल त्या दिवशी कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. बाई लिहिते याचं आश्चर्य अजून संपलेलं नाही, तोवर ती काय लिहिते इकडे पाळी यायची कधी?

तेव्हापासून मी "जमत नाही" असं उत्तर देते आणि कसं जमत नाही ते सांगते. सभागृह थोडं अस्वस्थ होतं. ते इथेही सांगते.

मी मराठी शिकवते. पदवीच्या वर्गांना, तासिका तत्त्वावर. बाहेरच्यांसाठी एवढं सांगायला हवं की तासिका तत्त्व म्हणजे जितके तास घ्याल तितक्या तासांचे पैसे. दिवाळीची सुट्टी आली, तास नाही, पैसे नाहीत. निवडणुकीसाठी महाविद्यालयाची इमारत घेतली, तास नाही, पैसे नाहीत. मे-जून तर कोरडेच. दर वर्षी नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत. आणि जे काही मिळायचं ते चार-पाच महिन्यांनी एकदम. मी दोन तालुक्यांतल्या दोन महाविद्यालयांत जाते, एका ठिकाणी आठवड्याला नऊ तास, दुसऱ्या ठिकाणी सात. मधलं अंतर एसटीनं. बाळंतपण आलं त्या वर्षी मला तास नव्हते. रजा नव्हे, तासच नव्हते. कायद्यानं २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आहे, हे मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचलं. आमच्या वाट्याला ती कशी यायची? आम्ही नोकरीत आहोत असं मुळात कुणी म्हणतच नाही.

मराठी विभागातल्या या तासिकावाल्यांत माझ्या आजूबाजूला तरी बायाच जास्त दिसतात. पुरुष दोन-तीन वर्षं थांबतात आणि स्पर्धा परीक्षेकडे नाहीतर शेतीकडे, दुकानाकडे वळतात. बायका थांबतात. "तुझ्या पगारावर घर थोडंच चालतंय?" हे वाक्य ज्या घरात बोललं जातं, त्या घरातली बाई अशा नोकरीत पंधरा-पंधरा वर्षं राहू शकते. म्हणजे सरकारचं उच्च शिक्षण नवऱ्यांच्या पगारावर चाललं आहे. माझंही तसंच. माझा नवरा बँकेत आहे म्हणून माझे मे आणि जून जातात. हे मी लपवत नाही.

कादंबरी चार वर्षं लिहीत होते. कुठे, तर कराडच्या स्टँडवर, गाडीत, पेपर तपासायच्या खोलीत आणि रात्री अकरानंतर जेवणाच्या टेबलावर. स्टँडवर दुपारी मला चाळीस मिनिटं मिळत. पुढची गाडी वेळेवर आली तर चाळीस, नाहीतर सव्वा तास. गाडी चुकली की बाकीचे शिव्या द्यायचे, मी वही उघडायची. मार्च २०२३ पासून राज्यात बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. त्यावर पुरुष प्रवाशांनी जे विनोद केले ते आपण सगळ्यांनीच ऐकले आहेत. माझ्यापुरतं सांगायचं तर त्या वाचलेल्या अर्ध्या तिकिटात दर महिन्याला कागद, शाई आणि शेवटी टंकलेखनाचे पैसे निघाले. कुठल्याही साहित्य संस्थेनं मला तोवर एवढी मदत केलेली नव्हती.

पुस्तक आल्यावर एका समीक्षकांनी लिहिलं की लेखिकेनं जाणीवपूर्वक तुटक, तुकड्या-तुकड्यांची रचना योजली आहे आणि त्यातून आजच्या जगण्याचं विखंडित रूप प्रत्ययाला येतं. वाचून मला हसू आलं. ते विखंडित रूप विट्याच्या गाडीच्या वेळापत्रकाचं आहे. चाळीस मिनिटांत जेवढं प्रकरण मावेल तेवढं प्रकरण. अर्थात मी त्यांना पत्र लिहून आभार मानले. पहिल्या पुस्तकावर लिहिणारं माणूस मोलाचं असतं.

व्हर्जिनिया वुल्फचं 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे १९२९ सालचं पुस्तक आपल्या शिबिरांतून नेहमी सांगितलं जातं. वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली. पण त्याच पुस्तकात वुल्फबाईंनी आणखी एक गोष्ट सुचवली आहे, तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. बैठकीच्या सामायिक खोलीत बसून, सारखी कुणाची ये-जा चालू असताना, काव्य किंवा नाटक लिहिण्यापेक्षा कादंबरी लिहिणं बाईला सोपं गेलं असावं, असं त्या म्हणतात. कादंबरी सोडून उठता येते, परत येऊन धरता येते. मला हे पटत नाही. निदान आपल्याकडे पटत नाही. सोडून उठता येतं हे खरं. पण परत आल्यावर ती माणसं जिथं सोडली तिथं थांबलेली नसतात. दोन दिवस वही उघडली नाही तर माझी नायिका माझ्याशी परक्यासारखी वागायची. तिचा आवाज परत सापडेपर्यंत चाळीसातली पंचवीस मिनिटं जायची.

माझा एक अंदाज आहे, अभ्यास नव्हे. मराठीत ज्या बाया शिकवत होत्या आणि लिहीत होत्या त्यांच्याकडे पाहा. अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी २०२५ च्या दिल्लीच्या अठ्ठ्याण्णवाव्या संमेलनापर्यंत सहा बाया बसल्या: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. यांतल्या कुसुमावती, शांताबाई, विजयाबाई आणि ताराबाई या चौघींनी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं आहे. आणि सहाही जणींपैकी एकीचंही नाव घेतल्यावर आधी कादंबरी आठवत नाही. कविता, कथा, समीक्षा, लोकसाहित्य, ललित लेख. ज्या शिकवणाऱ्या बायांनी कादंबरी लिहिली, त्यांतल्या पुष्कळजणींनी ती आटोपशीर लिहिली. कमल देसाई गावोगावच्या महाविद्यालयांत मराठी शिकवत. 'काळा सूर्य' केवढीशी आहे! गौरी देशपांडे इंग्रजी शिकवत; त्यांचंही कादंबरीलेखन बरंचसं लघुकादंबरीच्या मापाचं. त्यांनी ते माप कलेच्या गरजेनं निवडलं हे उघड आहे, आणि ते लेखन मोठं आहे याबद्दल मला शंका नाही. तरी मनात येतं, लघुकादंबरी हा प्रकार उन्हाळ्याच्या सुट्टीत नेमका बसतो. पाचशे-सहाशे पानांच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या पुरुषांची चहाची कपबशी कोण उचलत होतं, हे साहित्याच्या इतिहासात कुठेतरी यायला हवं.

आता कादंबरीबद्दल थोडं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. ती हक्कसोडीवर आहे. तीन बहिणी, एक भाऊ, वडील गेल्यानंतरचे तेरा दिवस. तेराव्यानंतर भाऊ बहिणींना निबंधक कार्यालयात नेतो, सह्या होतात, आणि येताना वाटेत तिघींना साड्या घेतो.

हे माझ्या घरी झालं आहे. २०११ साली मी स्वतः दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर सही करून आले. तेव्हा मी एम. ए. झाले होते, नेट उत्तीर्ण होते, आपल्या गटाच्या बैठकांना जात होते. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ सालीच झाला, हे मी शिबिरात दुसऱ्या बायांना सांगितलेलं होतं. २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या आणि केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीनं तोही अडसर गेला, हे फळ्यावर लिहून समजावलेलं होतं. आणि तरी सही केली. भाऊ वाईट नाही. त्यानं मागितली तेव्हा आई शेजारी उभी होती आणि काही बोलत नव्हती. तिचं ते न बोलणं मला कायद्यापेक्षा मोठं वाटलं. माहेरचं दार बंद होईल अशी भीती वाटली असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे तितका विचारसुद्धा केला नव्हता. पेन पुढे आलं, सही केली. साडी मोरपंखी होती.

यावर मी लेख लिहू शकले असते. लिहायला बसले होतेही. पण लेखात मी शहाणी व्हायला लागले. पहिल्याच परिच्छेदात मला सगळं कळत होतं. जी बाई त्या कार्यालयाच्या बाकावर बसली होती तिला सगळं कळत होतं आणि काहीच कळत नव्हतं. ती लेखात मावेना. म्हणून कादंबरी. आपल्या चळवळीत अनुभवकथन, अहवाल, लेख यांना मान आहे, आणि तो असावा. पण कादंबरी म्हणजे निवांत बायांचं काम, अशी एक समजूत आपल्यातही आहे. "आता लढ्यासाठी वेळ नाही वाटतं तुला?" असं मला गटातल्याच एका ज्येष्ठ मैत्रिणीनं विचारलं होतं. पुस्तक वाचल्यावर तिचा फोन आला. ती फोनवर बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, मीही केली आहे गं सही, चौऱ्याण्णवच्या कायद्यानंतर, कुणाला सांगितलं नाही.

या कादंबरीसाठी मी जो प्रवास केला तो कार्यक्रमांच्या प्रवासाहून वेगळा होता. तहसील कार्यालयं, तलाठ्यांचे सज्जे, दुय्यम निबंधकांच्या बाहेरचे झाडाखालचे दस्तलेखक. सुट्टीच्या दिवसांत जायचे, नुसती बाकावर बसायचे. बाई एकटी, हातात वही, काम काय ते सांगत नाही. पहिल्या दिवशी सगळे विचारतात "कुणाची वाट बघताय?" बाईनं कुणाची तरी वाट बघितली पाहिजे. एका तालुक्याच्या गावी मुक्काम करावा लागला तर लॉजवाल्यानं आधारकार्ड पाहिलं, परत दिलं आणि "एकट्या लेडीजला देत नाही" म्हणाला. मी म्हटलं, तसा नियम दाखवा. नियम कुठे असतो? रात्री नऊ वाजता ओळखीच्या ओळखीतून एका शिक्षिकेच्या घरी गेले. तिनं पिठलं-भाकरी करून घातली आणि झोपताना अंथरुणावर तिची स्वतःची हक्कसोड सांगितली. कादंबरीतलं नववं प्रकरण बरंचसं तिचं आहे, तिच्या परवानगीनं. लॉज मिळालं असतं तर ते प्रकरण नसतं, असं म्हणून त्या लॉजवाल्याला माफ करायला मात्र मी तयार नाही.

कार्यक्रमांच्या प्रवासातही मुक्काम बहुतेक कुणाच्या तरी घरी. पुरुष लेखकाला विश्रामगृह, बाईला "आमच्या घरीच या, घरच्यासारखं वाटेल". वाटतंच. घरच्यासारखंच ओट्याशी उभी राहते. यजमान वहिनी एकट्या वीस माणसांचं करताहेत आणि मी हॉलमध्ये बसून नव्या कादंबरीविषयी बोलते आहे, हे मला होत नाही. मी कोथिंबीर निवडायला घेते. एका गावी माझ्याबरोबर व्याख्यानाला आलेले एक मान्यवर कवी होते. ते आंघोळ करून, नाश्ता करून व्याख्यानाची टिपणं काढत बसले. मी टिपणं न काढता गेले आणि वाईट बोलले. पण त्या स्वयंपाकघरात त्या वहिनींनी मला जे सांगितलं ते... असो. ते पुढच्या पुस्तकात.

पुस्तक आलं तसं गावात, घरात, महाविद्यालयात एक गोष्ट एकदम घडली. सगळ्यांनी ते माझं आत्मचरित्र म्हणून वाचलं. कादंबरीतल्या मधल्या बहिणीचं नवऱ्याच्या मित्रावर मन जडतं, असा एक धागा आहे. माझ्या नवऱ्याचे मित्र दोन महिने आमच्याकडे आले नाहीत. भावानं पुस्तक वाचलं नाही, पण वहिनीनं वाचलं, आणि रक्षाबंधनाला फोन आला नाही. आई मात्र म्हणाली, "मी काही बोलत नव्हते ते तू बरोब्बर लिहिलंस." तिनं त्यावर पुढे काही म्हटलं नाही, मीही नाही. सासूबाईंनी हस्तलिखित आधीच वाचलं होतं. सबंध हस्तलिखित पहिल्यांदा वाचणाऱ्या त्याच. चष्मा पुसत पुसत तीन दुपारी वाचलं आणि म्हणाल्या, तेराव्याचा स्वयंपाक चुकलाय, त्या दिवशी गोडाचं असतं. दुरुस्त केलं.

दोन महाविद्यालयांतल्या एका ठिकाणी मला बोलावून घेतलं गेलं. त्या मधल्या बहिणीच्या पानांना कुणीतरी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. "मॅडम, तुम्ही मुलींना शिकवता," असं सांगण्यात आलं. "टोपणनाव घ्यायचं होतं." कादंबरी साहित्य आहे, संशोधन नाही, तेव्हा तिचा तुमच्या कामगिरीत काही उपयोगही नाही, असंही कळलं. पुढच्या जूनमध्ये त्या महाविद्यालयाच्या मुलाखतीत माझी निवड झाली नाही. कारण लेखी नाही. तासिकावाल्यांना काढत नाहीत. नुसतं परत घेत नाहीत. त्याविरुद्ध दाद मागायला कागदच नसतो.

टोपणनावाचा सल्ला ऐकला तेव्हा मला मालतीबाई बेडेकर आठवल्या. त्या बाळूताई खरे असताना, कर्व्यांच्या संस्थेत मुलींना शिकवत असताना, १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावानं आलं. ही बाई कोण म्हणून गहजब झाला. दुसऱ्याच वर्षी 'हिंदोळ्यावर', त्यांची पहिली कादंबरी: नवऱ्यानं टाकलेली बाई लग्नाबाहेरचं नातं आणि मूल स्वीकारते. शिक्षिकेनं हे लिहायचं तर नाव लपवल्याशिवाय कसं लिहिणार होती? पुढे त्या सोलापूरच्या सेटलमेंटवर नोकरीला गेल्या. ब्रिटिश सरकारनं ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं होतं त्या लोकांची ती वसाहत. त्यातून 'बळी' आली, ती १९५० साली. त्यांचे पती विश्राम बेडेकर युरोपातून बोटीनं परतले, त्या प्रवासातून १९३९ साली 'रणांगण' आली. एक प्रवास आणि कादंबरी. दुसरीकडे नोकरी, कुंपण, आणि दहा-बारा वर्षांनी कादंबरी. दोन्ही पुस्तकं मी शिकवते. या दोन तारखा मात्र शेजारी शेजारी ठेवून कुणी शिकवत नाही.

मला टोपणनाव घ्यायला सांगितलं गेलं ते २०२४ साल होतं.

ज्या महाविद्यालयात मी अजून आहे, तिथं एक दिवस तास संपल्यावर तृतीय वर्षाची एक मुलगी थांबली. पुस्तक तिनं गावच्या वाचनालयातून आणलं होतं, खाकी कव्हर घातलेलं. म्हणाली, "मॅडम, सोमवारी आम्हाला सहीला नेणार आहेत. मला आणि ताईला. तर तुम्ही काय म्हणता, करू नको?" कादंबरीत मी तिसऱ्या बहिणीला सही न करता बाहेर पडताना दाखवलं आहे, आणि पुढं काय होतं ते वाचकांवर सोडलं आहे. समीक्षकांनी त्या शेवटाची तारीफ केली. या मुलीला तो शेवट पुरत नव्हता. तिला पुढचं हवं होतं: मंगळवारी जेवायला कुठे जायचं, फी कोण भरणार, ताईच्या सासरी काय सांगायचं. मी तिला कायदा सांगितला. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला काय निकाल दिला तो सांगितला, की वडील २००५ साली हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनच. सांगितलं की सही नोंदवताना अधिकारी विचारतात, तेव्हा नाही म्हणता येतं. आणि मग म्हटलं की मी स्वतः मात्र केली होती. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. सोमवारी ती वर्गात नव्हती. नंतर आली तेव्हा मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आपल्या गटातल्या वकील मैत्रिणीचा नंबर तिला दिलेला आहे.

आता पैशांचं. पाचशे प्रतींची आवृत्ती, किंमत तीनशे, मानधन दहा टक्के. पहिल्या वर्षी तीनशे चाळीस प्रती गेल्या, म्हणजे दहा हजार दोनशे रुपये. प्रकाशकांनी ते वेळेवर दिले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मराठी पुस्तकाचा व्यवहारच एवढ्या तुकड्याचा आहे. एकवीस गावांच्या प्रवासाला, अर्धं तिकीट धरूनही, रिक्षा, बाहेरचं जेवण आणि बुडालेले तास मिळून याहून जास्त गेले. बुडालेले तास कुणी मोजत नाही. कायम नोकरीतले प्राध्यापक कार्यक्रमाला जातात तेव्हा कर्तव्यरजेवर जातात. मी जाते तेव्हा त्या दिवशीची मजुरी बुडते. आणखी एक हिशेब माझ्या बाजूनं द्यायला हवा. माझ्या घरी धुणंभांडी करायला एक मावशी येतात. रात्री अकरानंतरचं माझं टेबल रिकामं असतं ते त्यांच्यामुळे. त्यांनाही खाड्याचे पैसे मिळत नसत. हे लिहिता लिहिता लक्षात आलं आणि गेल्या महिन्यापासून ते द्यायला लागले. हक्कसोडीच्या पुस्तकाबद्दल त्यांना सांगितलं तर त्या हसल्या. त्यांच्याकडे सोडायला काही नव्हतंच.

ज्या चौदा ठिकाणी मला प्रवासखर्च मिळाला नाही, त्यांतली पाच कार्यक्रमं महिला संघटनांची होती. म्हणजे आपलीच. ८ मार्चला, ३ जानेवारीला. बोलावणाऱ्या मैत्रिणी स्वतः पदरमोड करून काम करणाऱ्या, खोलीचं भाडं वर्गणीतून भरणाऱ्या. त्यांच्याकडे पैसे मागायचे कसे, म्हणून मी मागितले नाहीत. पण तिथंही मंडपवाल्याला पैसे दिले गेले, ध्वनिक्षेपकाला दिले गेले, शालीचे दुकानदाराला दिले गेले. बोलणाऱ्या बाईचं काम तेवढं प्रेमाचं ठरलं. घरकामाला मोल आहे असं आपण पन्नास वर्षं सांगतो आहोत आणि आपल्याच व्यासपीठावर बाईचं काम पुन्हा प्रेमात जमा करतो. शाल देऊ नका. तिच्याऐवजी तिकीट द्या, आणि आधी विचारा की त्या दिवशी तुमचा तास आहे का. ज्या दोन ठिकाणी मानधन मिळालं त्यांतलं एक बचतगटांच्या महासंघाचं होतं. त्यांनी जमाखर्चाच्या वहीत माझ्यासमोर नोंद केली, सही घेतली. माझ्या लेखनाच्या आयुष्यातली मला आवडलेली सही.

तासिका तत्त्वाचा प्रश्न प्राध्यापकांच्या संघटना भरतीचा प्रश्न म्हणून मांडतात. रिक्त जागा भरा, बस. तो आपण बाईच्या श्रमाचा प्रश्न म्हणून कधी हाती घेतला नाही. अंगणवाडीताई, आशाताई यांच्या मोर्चात आपण गेलो, जायलाच हवं होतं. त्यांनाही 'मानधन' हाच शब्द लावून पगार नाकारला जातो. पदवीच्या वर्गावर उभी असलेली, इस्त्रीची साडी नेसलेली बाई मात्र आपल्याला त्या रांगेतली वाटत नाही. तिलाही स्वतःला वाटत नाही, हे त्याहून कठीण. माझ्याबरोबरच्या आठजणींना मी एकत्र बसू या म्हटलं, तर पाचजणी म्हणाल्या, पुढच्या वर्षीची मुलाखत आहे गं.

दुसरी कादंबरी सुरू केली आहे. एक महाविद्यालय गेल्यामुळे स्टँडवरची चाळीस मिनिटंही गेली. घरी बसून लिहिता येईल असं वाटलं होतं, तर घरी लिहिणं होतच नाही. मग मंगळवारी-गुरुवारी, काम नसताना, मी कराडच्या स्टँडवर जाऊन बसते. कंट्रोलर ओळखतात. गाडी लागली की हाक मारायचे पूर्वी, आता मारत नाहीत.

परवा एका संघटनेचं पत्र आलं आहे, पुढच्या महिन्यातल्या मेळाव्याचं. दोन दिवस, विषय 'लिहित्या बाया'. मी उत्तरात तीन गोष्टी विचारल्या: प्रवासखर्च किती, मुक्काम कुठे, बुडणाऱ्या चार तासांचं काय. अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही. रागावल्या असतील, किंवा बैठकीत ठेवलं असेल.